फ्रीझरमधली गार पॉसमं

लेटन व्हिकरीच्या हातांची मला पहिल्यापासून शिसारी यायची. पॉसमच्या शेपटीतून रक्ताचा थेंब काढायचा, बोटं पँटला पुसायची आणि त्याच बोटांनी सँडविच उचलायचं. वर अंगठा चाटायचा. दर हिवाळ्यात, म्हणजे आमच्याकडे जुलैत, तो पर्थच्या विद्यापीठातून यायचा, दहा दिवस राहायचा आणि आमच्या खोपटातल्या एकुलत्या एका आरामखुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकायचा. मी नऊ हिवाळे त्याच्या हाताखाली काढले. दर वर्षी मनाशी म्हणायचे, व्हर्ना, माणूस घाणेरडा असला तरी काम स्वच्छ आहे ना, मग तू गप्प बस. कामही तितकंच घाण होतं, हे कळायला १९८४चा जुलै उजाडावा लागला.

काम मधावर जगणाऱ्या पॉसमांचं. अंगठ्याएवढं जनावर, लांबुळकं नाक, पोटाला पिल्लांची पिशवी. बँक्सियाच्या झुडपांवरच्या फुलांतला मध आणि पराग एवढ्यावर त्याचा संसार. हा एवढासा जीव उन्हाळ्यात किती पाणी वापरतो, हिवाळ्यात किती, आणि अंगातली ऊर्जा कधी जास्त जाळतो, हे आम्ही मोजत होतो. धरलेल्या पॉसमच्या पोटात खूण केलेल्या जड पाण्याचा थेंब टोचायचा, कानाला खाच पाडून सोडून द्यायचं आणि चार दिवसांनी तेच पुन्हा धरायचं. तेव्हाच्या रक्ताच्या थेंबावरून कळायचं, मधल्या चार दिवसांत अंगातून किती पाणी गेलं आणि किती ऊर्जा जळली. अडचण एकच. झुडपांच्या त्या समुद्रातून तेच पॉसम पुन्हा हाताला लागायला नशीब लागतं.

लेटनचं म्हणणं असं, की हिवाळ्यात थंडी, म्हणून पॉसम हिवाळ्यात सगळ्यात जास्त जाळतं. यावर त्याने दोन लेख लिहिले होते आणि भाषणं तर किती ठोकली होती देव जाणे. भाषणात तो हातवारे करून एक चढती रेघ दाखवायचा. त्या रेघेवर त्याचा फार जीव.

त्या वर्षी त्याच्याबरोबर इलोना साबो होती, त्याची विद्यार्थिनी. आईबाप हंगेरीतून पळून आलेले, मुलगी इथेच वाढलेली, चोवीस वर्षांची आणि कामाला वाघ. तिला प्रबंधासाठी हिवाळ्यातली बारा जनावरं लागत होती, पुन्हा धरलेली, रक्त दिलेली. अकरा झाली होती. सापळे बंद करायला दोन दिवस उरले होते. बारावं मिळालं नाही तर तिचं सगळं पुढच्या जुलैवर जाणार होतं, आणि तिची शिष्यवृत्ती डिसेंबरात संपत होती. पोरगी उठल्यापासून बारा, बारा एवढंच बोलायची.

त्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही दोघी सापळ्यांच्या रांगेवर गेलो. सापळे म्हणजे जमिनीत उभे पुरलेले प्लास्टिकचे नळ. रात्रभर समुद्रावरून पाऊस येत होता, बोटं ताठ झाली होती. चौदाव्या नळात मी टॉर्च मारला तर तळाशी एक गोळा.

"खाच आहे!" इलोना माझ्या खांद्यावरून ओरडली. "व्हर्ना, एकतीस नंबर आहे गं! बारावं!"

मी हात घालून काढलं. गार. नदीतल्या गोट्यासारखं गार आणि घट्ट. मी तळहातावर ठेवलं, फुंकर घातली, पोटाला बोट लावून बघितलं. श्वास नाही.

"गेलं," मी म्हटलं.

"नाही ना गं. नीट बघ."

"नऊ वर्षं बघतेय, पोरी. पाच मिनिटं थांबायचं, हललं नाही तर पिशवी. लेटनचा नियम आहे."

आम्ही पाच मिनिटं थांबलो. इलोना घड्याळाकडे बघत नव्हती, त्याच्या नाकाकडे बघत होती. नाक काही हललं नाही. मी पावाच्या रिकाम्या पिशवीत ते घातलं, चिठ्ठीवर नंबर, तारीख आणि 'सापळ्यात थंडीने मृत' असं लिहिलं आणि पिशवीला गाठ मारली. असं दर हिवाळ्यात पाच-सहा वेळा व्हायचं. सापळ्यात मेलेल्या प्रत्येक जनावराची नोंद परवान्याच्या वहीत करावी लागे, आणि सापळ्यांची जबाबदारी माझी, म्हणून सही माझी. मेलेली जनावरं आम्ही डॉट ट्रेलोरच्या शेडमधल्या मोठ्या फ्रीझरमध्ये ठेवायचो. डॉट ही शेजारच्या शेताची मालकीण, सत्तरीची, जिभेला हाड नसलेली.

डॉट शेडच्या दारात मेंढीच्या पिल्लाला बाटलीने दूध पाजत होती.

"आज काय आणलंत माझ्या मटणाच्या शेजारी ठेवायला?" तिने विचारलं.

"एकतीस नंबर," इलोना म्हणाली.

डॉटने पिशवी माझ्या हातातून ओढली, उजेडात धरली. "हे मेलंय असं कोणी सांगितलं?"

"मी," मी म्हटलं.

"तुला डोळे दिलेत का बटणं शिवलीत? मांजरं दर हिवाळ्यात अशी चार-दोन आणतात माझ्या चुलीपुढे. दगड झालेली असतात. तासाभरात पडद्यावर चढून बसतात." तिने गाठ दातांनी सोडली, पॉसम बाहेर काढलं आणि स्वेटरच्या गळ्यातून थेट छातीशी सोडलं. "आई गं! बर्फ आहे नुसता. किटली ठेव, व्हर्ना. उभी काय राहिलीस?"

मी हसले. खरंच हसले, त्याची आता लाज वाटते. म्हटलं, म्हातारीची करमणूक होतेय तर होऊ दे. आम्ही तिच्या स्वयंपाकघरात चहा घेतला, कालचे स्कोन गरम करून जॅम लावून खाल्ले. डॉट खताच्या भावावर बोलत होती. मधेच थांबली आणि म्हणाली, "नखं आहेत हो याला."

स्वेटरच्या गळ्याशी आधी नाक आलं, मग मिशा. एकतीस नंबर थरथरत वर आलं, डॉटच्या कॉलरवर बसलं आणि तिच्या हनुवटीला लागलेला जॅम चाटायला लागलं. जीभ त्याच्या अंगाच्या मानाने केवढी लांब असते! इलोना खुर्चीवरून उठलीच नाही, तोंडावर हात धरून रडत होती आणि हसत होती.

"बारावं," ती म्हणाली. मग एकदम गंभीर झाली. "व्हर्ना, हे मेलं नव्हतं. याने स्वतःला बंद केलं होतं. पावसात फुलांवर जाता येत नाही, पोटात मध नाही, म्हणून अंग गार करून पडून राहायचं. म्हणजे अशा रात्री ते काहीच जाळत नाही. हिवाळ्यात जास्त नाही, कमी! असंच ते पावसाळी रात्र काढतं, कळतंय का तुला?"

मला कळलं. मी स्वतः पॉसम धरलं, तिने शेपटीतून थेंब घेतला, काचेची बारीक नळी भरून दोन्ही टोकं मेणबत्तीवर बंद केली. एकतीस नंबरला साखरपाणी पाजून सुती पिशवीत घातलं आणि ती पिशवी इलोनाने शर्टाच्या आत ठेवली. पाऊस थांबला की त्याच झुडपांत सोडायचं ठरलं.

आम्ही खोपटात परतलो तेव्हा लेटन जेवत होता. इलोनाने एका दमात सगळं सांगितलं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. आश्चर्याने माणसाचा घास थांबतो. याचा थांबला नाही.

"डॉटच्या कुठे, म्हणालीस?" त्याने विचारलं आणि हसला. "शेतकरणीच्या चोळीत गरम झालेलं जनावर मी कुठल्या तोंडाने जगापुढे मांडू?"

"चोळी सोडून द्या, लेटन," इलोना म्हणाली. "रक्त घेतलंय. गार पडण्याआधीचं आणि नंतरचं, सगळे चार दिवस त्यात आहेत. आकडा खाली येईल, मला खात्री आहे."

"येईल ना. म्हणूनच ती नळी टाकून द्यायची." तो अगदी मायेने बोलत होता. "हे बघ, ही भानगड मला नवी नाही. एक्याऐंशी साली एक असंच माझ्या टेबलावर उठून बसलं होतं."

"एक्याऐंशी साली?" मी विचारलं. "तीन वर्षं तुला माहीत आहे?"

"मग?"

"मग मला का नाही सांगितलंस? मी सापळे बघते. मी पिशवीत भरते त्यांना!"

"सांगून काय केलं असतंस? चुलीपुढे मांडून बसली असतीस एकेकाला. असली चार पॉसमं मोजणीत आली की हिवाळ्याची रेघ खाली बसते. ती दुबळी जनावरं, व्हर्ना. आजारी. ती मोजायची नसतात."

"म्हणून जिवंत फ्रीझरमध्ये घालायची?"

"त्यांना काय कळतंय? झोपेतच जातात. असं मरण माणसांनी मागून घ्यावं." त्याने ताटलीतलं बीट बोटाने उचललं, तोंडात टाकलं आणि लाल झालेला अंगठा चाटला. "वहीत नेहमीचं लिहून टाक. सापळ्यात थंडीने मृत. आणि इलोना, अजून उद्याचा दिवस आहे, तुला चांगलं तरतरीत बारावं मिळेल. प्रबंधावर सही माझी लागते, विसरू नकोस."

मी बाहेर पडले आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन सकाळचे स्कोन ओकले. ओकून झाल्यावरही तोंडात ती चव राहिली. मला त्या माणसाची किळस आली, त्याच्या ओल्या ओठांची, त्याच्या मायेच्या आवाजाची, त्याने चाटलेल्या प्रत्येक बोटाची. नऊ वर्षं याची ताटली मी धुतली होती. तीन वर्षं हा माणूस माझ्या पिशव्यांना गाठ पडताना बघत होता आणि मूग गिळून चहा पीत होता.

"चल," इलोना मागून म्हणाली. ती शर्टावर हात दाबून उभी होती. "फ्रीझर बघायचाय मला."

डॉट आमच्याबरोबर शेडमध्ये आली. फ्रीझरचं झाकण उचललं. वरच्या थरात मेंढीच्या तंगड्या, आईसक्रीमचा डबा, मटार. खाली उजव्या कोपऱ्यात आमच्या पिशव्या. लेटनने गेल्या काही वर्षांत त्या पर्थला नेल्याच नव्हत्या, आणि का नेल्या नव्हत्या ते मला आता उमजलं: तिथे कोणीतरी उघडून बघितलं असतं. आम्ही एकेक काढून कामाच्या फळीवर मांडत गेलो.

खरोखर मेलेलं पॉसम मी पाहिलेलं आहे. मुंग्यांनी धरलेलं, सापाने टाकलेलं. ते आडवं, सैल पडतं, पाय कुठेही, शेपूट कुठेही. फळीवरची सगळी गोळा झालेली होती. नाक पोटात, कान दुमडलेले, शेपूट नीट वळवून अंगाखाली. उद्या उठायचं म्हणून झोपावं तशी.

"मला वाटायचं, मान पिरगाळून आणता," डॉट म्हणाली. "विचारायचंस ना गं मला, व्हर्ना. नऊ वर्षांत एकदा तरी."

मी पुढची पिशवी काढली आणि ती हातातून सुटली.

गेल्या हिवाळ्यातली होती. त्यातलं पॉसम गोळा झालेलं नव्हतं. ते पिशवीच्या गाठीपाशी होतं, लांब ताणलेलं. पुढच्या पायांची नखं प्लास्टिकमधून आरपार गेली होती. गाठीजवळ प्लास्टिक कुरतडून पांढरं झालं होतं. पिशवीला आतून श्वासाचा बर्फ धरला होता. ते उठलं होतं. मटणाच्या तंगड्यांखाली, काळोखात, कुठल्याशा वेळी त्याने अंगातली असेल नसेल ती ऊर्जा पेटवली होती आणि गाठ सोडवायला गेलं होतं. माझी गाठ पक्की असते.

"हरामखोर," मी म्हटलं. "लेटन, हरामखोर, डुक्कर." मी जे जे येत होतं ते सगळं बोलले. डॉटने ऐकून घेतलं.

इलोना पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत होती. एक वाचून झाली की दुसरी, तिसरी. मग तिने विचारलं, "यातली किती लेटनने ठेवलीत?"

प्रश्न साधा होता. ती कुत्सितपणे विचारत नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

लेटन कधी शेडमध्ये आलाच नव्हता. त्याला मटणाचा वास सहन होत नसे.

"एकही नाही," मी म्हटलं. "सगळी मी."

"एक्याऐंशीच्या आधीचीही?"

"तीही."

डॉटने खोकून घसा साफ केला आणि मेंढीच्या पिल्लाकडे बघितलं. इलोनाने मान हलवली, एवढंच. मी त्यावर काही बोलायला हवं होतं. मला माहीत नव्हतं, हे खरंच होतं, आणि ते तोंडाशी आलंही. पण फळीवर ती नखं दिसत होती. डॉटला ठाऊक होतं, तिच्या मांजरांना ठाऊक होतं. मी नऊ वर्षं जनावर हातात घेत होते आणि पाच मिनिटांच्या वर एकदाही थांबले नव्हते. निघायची मला घाई कसली होती? गाडीत थर्मास असायचा, चहा गार व्हायचा, एवढीच.

मी परवान्याची वही काढली. ओलीबिली होऊ नये म्हणून ती नेहमी माझ्या झोळीतच असे.

"हे लिहून कळवलं की परवाना जाईल," मी इलोनाला म्हटलं. "वन्यजीव खात्यातले लोक उद्या येतील आणि सापळे बुजवतील. लेटनचं जाईल ते जाऊ दे. तुझी बाराच्या बारा जनावरंही जातील. तुझी नळी कोणी तपासायला घेणार नाही. विचार कर. तू म्हणालीस तर मी उद्या संध्याकाळपर्यंत थांबते."

मनापासून सांगते, ती 'थांब' म्हणेल अशी मला आशा होती. तिच्यासाठी नव्हे.

"लिही," ती म्हणाली.

"तुझी दोन वर्षं आहेत, इलोना."

"लिही म्हटलं ना."

मी लिहिलं. एकतीस नंबरपुढे 'जिवंत' लिहिलं. मग मागची पानं उलटत गेले आणि जिथे जिथे 'सापळ्यात थंडीने मृत' होतं तिथे रेघ मारून लिहिलं, 'सापळ्यात जिवंत, गार. फ्रीझरमध्ये मृत. ठेवणारी, व्हर्ना प्रेस्कॉट.' बोटं दुखायला लागली तेव्हा डॉटने चहा आणून ठेवला. मी लिहीत राहिले, तो गार झाला. लेटनचं नाव मी शेवटी वेगळ्या पानावर लिहिलं, एक्याऐंशी सालासकट, त्याच्या शब्दांसकट. त्याच्या नावाने मन हलकं होईल असं वाटलं होतं. त्याचं एक पान भरलं होतं आणि माझी नऊ वर्षांची पानं भरली होती. किळस तशीच होती, फक्त आता तिला तोंड फिरवायला जागा नव्हती.

दुपारी पाऊस उघडला. आम्ही तिघी चौदाव्या सापळ्याकडे गेलो. बँक्सियाची फुलं पाण्याने जड झाली होती, पण वारा पडला होता आणि फुलांवर मधमाश्या दिसत होत्या. म्हणजे मधही असणार. इलोनाने शर्टातून सुती पिशवी काढली. आत एकतीस नंबर उलटंपालटं होत होतं.

जनावर सोडायचं काम नेहमी माझं. पिशवी माझ्याकडे द्यायची, मी नाडी सोडायची, हात फांदीला टेकवायचा आणि पॉसम माझ्या बोटांवरून चालत फुलावर जायचं. नऊ वर्षं तसंच चालत आलं होतं. मी सवयीने हात पुढे केला, तळवा वर.

इलोनाने पिशवी छातीशी धरली. पाऊलभर मागे सरली. असं करायचं तिने ठरवलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. ती स्वतःच दचकली आणि म्हणाली, "नाही, व्हर्ना, तसं नाही गं."

"माहीत आहे," मी म्हटलं.

पण पिशवी तिने दिली नाही. मी हात मागे घेतला आणि खिशात घातला.